मासे मेले म्हणून नळाला विषारी म्हणू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र होतं. टँकचं पाणी बदललं आणि अर्ध्या तासात सगळे मासे मेले, मग हेच पाणी आमची पोरं पितात त्याचं काय, आम्ही आता नळ बंद करून विहिरीचंच पिणार आणि विहिरीत ती पांढरी पावडर टाकायला कोण आला तर त्याला गेटातूनच परत पाठवणार, असं साधारण. मासे मेल्याचं दुःख मला कळतं हो, माझेही मेलेत, तेही एकदम दहा-अकरा. पण त्यावरून त्यांनी जो अर्थ काढलाय तो अगदी उलटा आहे आणि पावसाळ्याच्या तोंडावर असं पेपरात छापून आलं की शेजारीपाजारी पण तेच बोलायला लागतात, म्हणून हे लिहितेय. पत्र लांबणार आहे, आधीच सांगते.

माझी गोष्ट अशी. टँक मुलाचा, दोन फुटी. तो गेला पुण्याला शिकायला आणि मासे राहिले माझ्या गळ्यात. मला आधी त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, चिमूटभर दाणे टाकायचे आणि लाईट बंद करायची एवढंच. दोन एंजल, सहा गप्पी, तीन मॉली आणि काचेला चिकटून बसणारा एक सकर. गेल्या वर्षी चवथीच्या आधी घराची साफसफाई काढली, माटोळी बांधायची, पाहुणे येणार आणि हॉलमधला टँक बघावा तर काच हिरवी पडलेली. म्हटलं एकदाचा स्वच्छच करून टाकू. सगळे मासे एका टबात काढले, टँक घासला, खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून अगदी पांढरा होईपर्यंत पिळला (ही पण चूक, ती नंतर कळली) आणि बागेतला पाईप ओढत आणून नळ सोडला थेट टँकात. दोन दिवस पाणी नव्हतं, त्या दिवशी आलं होतं आणि जोरात होतं, वास पण येत होता पण मला काय, मी म्हटलं चला स्वच्छ पाणी आलं.

मासे सोडले. पहिली पाच मिनिटं काही नाही. मग गप्पी इकडून तिकडे वेड्यासारखे पळायला लागले, काचेवर आपटत होते. एंजल वर येऊन पाण्याला तोंड लावून हवा गिळायला लागला, त्याच्या कल्ल्याचं झाकण नुसतं फडफडत होतं आणि आतून लालभडक दिसत होतं. मला वाटलं ऑक्सिजन कमी पडला. म्हणून मी काय केलं असेल? अर्धं पाणी काढलं आणि परत पाईप लावला! म्हणजे श्वास कोंडलेल्याला आणखी धूर. वीस मिनिटांत एंजल आडवा झाला, संध्याकाळपर्यंत एक सकर सोडून सगळे गेले. आमचे हे म्हणाले, अगं आपल्या घरात आठवड्यातले पाच दिवस माशांचं हुमण असतं आणि तू गप्पीसाठी डोळे पुसतेस. पुसले मी. ताटातलं नुस्तं वेगळं आणि रोज सकाळी आपल्याला बघून काचेजवळ येणारे मासे वेगळे.

आता मुद्दा. मासे मेले ते क्लोरीनने आणि तो क्लोरीन पाण्यात चुकून पडलेला नसतो, मुद्दाम घातलेला असतो, घालायलाच पाहिजे असतो. आपल्या देशातल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००, २०१२ सालचं) स्पष्ट लिहिलंय की नळाच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण पाहिजे असेल तर ०.५. हा उरलेला म्हणजे प्लांटवर जंतू मारून झाल्यावर शिल्लक राहिलेला, वाटेत पाईपात कुठे भोक असेल, गटाराचं पाणी आत ओढलं गेलं तर तिथल्या जंतूंना मारायला. तो शून्य असला तर घाबरायचं, असला तर नाही.

आणि माशांना किती चालतो? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी मर्यादा घातलीय ती एका तासाच्या सरासरीने लिटरला ०.०१९ मिलिग्रॅम आणि चार दिवसांच्या सरासरीने ०.०११. म्हणजे बघा, आपल्या नळाला जो कमीत कमी असायलाच हवा तोच माशांच्या मर्यादेच्या दहापट झाला. पाणी अगदी नियमात असलं तरी मासे मरणार. किंबहुना नियमात आहे म्हणूनच मरणार! त्या गृहस्थांच्या नळाला त्या दिवशी किती होता ते मला माहीत नाही, पण मासे मेले एवढ्यावरून पाणी खराब होतं असं म्हणता येत नाही.

आपण पितो तेव्हा तेवढा क्लोरीन तोंडातल्या लाळेत आणि पोटातल्या अन्नात लगेच संपून जातो. मासा पाणी पीत नाही, तो पाण्यात श्वास घेतो. कल्ल्यांची कातडी एवढी पातळ की पाणी आणि रक्त यांच्यात जेमतेम एक पापुद्रा आणि त्यावरून दिवसभर पाणी वाहत असतं. त्या पापुद्र्याला क्लोरीन भाजतो. मग पाण्यात ऑक्सिजन कितीही असला तरी आत जात नाही, मासा वर येऊन हवा गिळतो आणि आपण समजतो पंप कमी पडला.

हे मला कोणी सांगितलं, तर माझ्या भाच्याने. तो कळंगुटला एका हॉटेलात स्विमिंग पूल सांभाळतो, त्याचा सगळा दिवस क्लोरीन मोजण्यातच जातो. चवथीला आला तर रिकामा टँक बघून हसला, मावशी तू माशांना पूलमध्ये टाकलंस की गं म्हणाला. पुढच्या वेळी येताना त्याचं ते किट घेऊन आला, छोटी काचेची नळी, त्यात पाणी घ्यायचं, एक गोळी टाकायची, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, जेवढा जास्त तेवढं गडद आणि शेजारी रंगांची पट्टी असते तिच्याशी जुळवायचं. आम्ही दोघांनी मग एक रविवार त्यातच घालवला. सकाळी नळ आला तेव्हाचं पाणी: ०.५, म्हणजे अगदी पाहिजे तसं. गच्चीवरच्या टाकीतलं संध्याकाळचं: ०.२ च्या आसपास. उघड्या बादलीत अंगणात उन्हात ठेवलेलं दुसऱ्या दिवशी: काही नाही, पाणी जसंच्या तसं. आणि मोरीतला निळा ड्रम, झाकण घट्ट लावलेला, चोवीस तासांनंतर: अजून गुलाबी! हे शेवटचं बघून माझे डोळे उघडले, कारण पाणी एक दिवस भरून ठेवा म्हणून सगळेच सांगतात, पण झाकण लावून ठेवलं तर तो क्लोरीन जाणार कुठे. उघडं पाहिजे, पसरट भांडं पाहिजे, ऊन लागलं तर फारच लवकर जातो, आत एअर पंपाची नळी सोडली तरी लवकर जातो. पावसात ऊन नाही त्यामुळे मग चोवीस तास तरी धराच. आणि हो, उघडं ठेवायचं तर वर मच्छरदाणीचा तुकडा बांधा नाहीतर आरोग्यवाले येऊन ओरडतील आणि बरोबरच ओरडतील.

पण रोज कोण बादल्या भरून ठेवणार, त्यापेक्षा सोपा उपाय आहे हायपो. दुकानात अँटीक्लोरीन म्हणून जी बाटली मिळते तिच्यात बहुतेक वेळा हेच असतं, सोडियम थायोसल्फेट. खडीसाखरेसारखे खडे दिसतात. आमच्या इथे एक जुना फोटो स्टुडिओ आहे, आता तिथे झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एवढंच उरलंय, पण तिथल्या काकांना मी नुसतं नाव सांगितलं तर त्यांचा चेहराच उजळला, "अगे वयनी, हें आमचें हायपो न्हय!" म्हणाले आणि मागच्या खोलीतून एक बरणी काढून आणली. फिल्म धुतल्यावर चित्र पक्कं करायला डार्करूममध्ये हेच वापरायचे. पेपराच्या पुडीत बांधून दिलं, पैसे घेतले नाहीत, वर अर्धा तास डार्करूमच्या गोष्टी. (तुम्ही घ्याल तेव्हा मात्र दुकानातलं बंद पाकिटातलं घ्या, जुन्या बरणीत काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, मी आता तेच करते.)

माप सांगते कारण सगळे विचारतात आणि दुकानदार "टाका चार थेंब" एवढंच सांगतो. एक भाग क्लोरीन मारायला साधारण सात भाग हायपोचे खडे लागतात. दहा ग्रॅम खडे शंभर मिली पाण्यात विरघळवायचे, बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहायचं, काळोख्या कपाटात ठेवायची. या पाण्याचं १ मिली म्हणजे हायपो १०० मिलिग्रॅम, म्हणजे ते १४ मिलिग्रॅम क्लोरीन संपवतं. दहा लिटरच्या बादलीत नळाचं पाणी, क्लोरीन समजा जास्तीत जास्त लिटरला १ मिलिग्रॅम, तर सगळा मिळून १० मिलिग्रॅम झाला. म्हणजे बादलीला १ मिली पुरून उरलं. फार्मसीतून बिनसुईची सिरींज आणायची, १ मिली ओढायचं, बादलीत सोडायचं, हाताने ढवळायचं, दोन मिनिटं थांबायचं. बस्स. थोडं जास्त पडलं तर माशांना काही होत नाही, पण म्हणून मूठभर टाकू नका. आणि टँकात पाणी ओतून मग औषध असं उलटं नाही करायचं, बादलीत आधी. टँकातल्या पाण्यात औषध मिसळेपर्यंत मासे त्या क्लोरीनमध्येच असतात.

मुलगा पुण्याहून फोनवर मला नेटवरचं वाचून दाखवतो, आई, हायपोने नीट होत नाही, क्लोरामाइन असतं, ते चोवीस तास ठेवून पण जात नाही. तर ते अमेरिकेचं. तिकडे बऱ्याच शहरांत क्लोरीनसोबत अमोनिया मुद्दाम घालतात, त्याचं क्लोरामाइन होतं आणि ते लांब लांब पाईपात जास्त टिकतं. आपल्याकडे साधारणपणे साधा क्लोरीनच घालतात. नदीच्या पाण्यातच अमोनिया असला तर थोडंफार आपल्याकडेही होतं, आणि हायपो ते फोडतो पण आतला अमोनिया सुटा होऊन पाण्यात राहतो. म्हणून एकावेळी सगळं पाणी कधी बदलायचं नाही, पाव टँक, फार तर तिसरा हिस्सा. राहिलेला अमोनिया फिल्टरमधले चांगले जंतू खाऊन टाकतात. आणि हे जंतू म्हणजेच मी नळाखाली पिळून काढलेली ती घाण! स्पंजातला तो चॉकलेटी चिखल दिसतो घाणेरडा पण टँकाचा सगळा जीव त्यात असतो, त्याला नळाचं पाणी लागलं की तोही मेला. स्पंज टँकातूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबायचा आणि परत लावायचा. माझे मासे समजा क्लोरीनमधून वाचले असते ना, तरी आठवड्याभरात अमोनियाने गेलेच असते.

गोव्याच्या पाण्याची अजून एक गंमत आहे. ओपाला खांडेपार नदीचं, साळावलीला धरणाचं, असनोड्याला तिळारीचं, कुठलंही घ्या, आपलं पाणी डोंगरातल्या पावसाचं, चिऱ्यातून झिरपलेलं, हलकं. साबणाला भरपूर फेस येतो ते त्यामुळेच. विहिरीचं तर बहुतेक ठिकाणी किंचित आंबटाकडे झुकलेलं. टेट्रा, एंजल यांना ते आवडतं. गप्पी, मॉलीला नाही आवडत, त्यांचे पंख मिटल्यासारखे होतात, अंग हलवत एका जागी थरथरत राहतात. त्याला दुकानात महागडं औषध देतात, मी काय करते तर तिसऱ्यांच्या शिंपल्या. जेवण झालं की धुवायच्या, चांगल्या उकळायच्या, उन्हात वाळवायच्या आणि ओंजळभर एका जाळीच्या पिशवीतून फिल्टरजवळ टाकायच्या. चुनाच तो, आंबट पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी सावरून धरतो. फुकटात होतं आणि आपल्याकडे तिसऱ्यांना काय तोटा. उलट पाणी गढूळ आलं म्हणून तुरटी फिरवतात ना काही जण टँकात, ते मात्र करू नका, आपल्या हलक्या पाण्याला सावरून धरणारं जे काय थोडंसं असतं ते तुरटी खाऊन टाकते. गढूळ आलं तर बादली रात्रभर ठेवायची, सकाळी वरचं वरचं घ्यायचं.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते पण बघा घालायच्या आधी.

आता विहिरीचं, कारण मूळ पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट ती आहे. विहिरीचं पाणी म्हणजे आपोआप शुद्ध असं आपल्याकडे मनात बसलंय, आजी तेच प्यायची, चव गोड लागते वगैरे. चव मलाही आवडते. पण पावसात अंगणातलं, गोठ्यातलं, सोकपिटातलं पाणी खाली जातं आणि चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, ते कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. कावीळ, टायफॉईड, जुलाब हे काय नळातून येत नाहीत असं नाही, पण क्लोरीन घातलेल्या पाण्यातून यायचा चान्स कितीतरी कमी. ती पांढरी पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर, चांगल्या प्रतीची असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, त्याने लिटरला ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन पडतो. दोन मीटर रुंद विहिरीत पाच मीटर पाणी असलं तर ते झालं पंधरा-सोळा हजार लिटर, म्हणजे पावडर चाळीस ग्रॅम. एवढीशी! रात्री टाकली की सकाळी पाणी वापरायला मोकळं. तिला गेटातून परत पाठवण्यासारखं काय आहे त्यात?

हां, एक खरं. विहिरीत डासांसाठी सोडलेले गप्पी असतील तर ते या पावडरीने मरतात आणि मग लोक म्हणतात बघा, विष टाकलं. डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडणं हे गोव्यात जुनंच आहे, नव्वदच्या दशकात मलेरियाचा जोर होता तेव्हा इथलाच एक इवलासा मासा, अॅप्लोकायलस ब्लॉकी, अळ्या खायला वापरून बघितला होता आणि त्याचा उपयोगही दिसला होता. पण पिण्याच्या विहिरीत मासे पण आणि पावडर पण हे दोन्ही एकाच वेळी नाही जमत. पावडर टाकायच्या आधी जाळीने गप्पी काढून विहिरीच्याच पाण्याच्या बादलीत ठेवायचे, तीन-चार दिवसांनी परत सोडायचे. आम्ही तसंच करतो, पोरांना तर तो खेळच होतो. न पिण्याच्या विहिरी, बागेतली टाकी, कारंजं, तिथे मासेच बरे.

एक मागणी मात्र माझी पण आहे आणि ती पेपरवाल्यांकडे आणि पाणी सोडणाऱ्यांकडे, दोघांकडे. उद्या अमुक भागात पाणी नाही अशी चौकट तुम्ही छापता, चांगलं करता. पाईप दुरुस्त करून झाल्यावर तो धुवायला क्लोरीन जास्त सोडतात आणि पावसात नदी गढूळ झाली की पाल्यापाचोळ्यात, मातीत बराच क्लोरीन खर्ची पडतो म्हणून डोस वाढवावा लागतो. हे सगळं बरोबरच आहे, फक्त त्याच चौकटीत एक ओळ, की उद्या क्लोरीन जास्त असेल, मासे पाळणाऱ्यांनी पाणी बदलू नये. डायलिसिसवाले तर त्यांचं पाणी स्वतः तपासतातच, पण आम्हाला कोण सांगणार. गोवा घरोघरी नळ पोचलेलं पहिलं राज्य म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे आता जिथे टँक तिथे नळाचंच पाणी. जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला पण शिकवलंय, त्यात क्लोरीन बघता येतो. त्या गृहस्थांनी आपल्या पंचायतीत विचारावं, पाच मिनिटांचं काम आहे. नळाचं पण तपासावं आणि विहिरीचं पण, विहिरीचं तर जंतूंसाठी लॅबमध्ये सुद्धा, आणि मग ठरवावं कुठलं प्यायचं ते.

माझा टँक आता परत भरलाय, सकर तोच जुना, वीतभर झालाय, बाकी सगळे नवे. पत्र लांबलंय तर काटछाट करा, माझ्या ह्यांचं आणि हुमणाचं कापलंत तरी चालेल, पण ते माप तेवढं कापू नका आणि प्रूफ नीट बघा: दहा ग्रॅम, शंभर मिली, बादलीला एक मिली. मागे तुमच्या रेसिपीच्या पानावर एका शून्याने माझं लोणचं खारट केलं होतं.

आपली,
एक मासेवाली (पाळणारी, विकणारी नव्हे)
डिचोली